वाचकांचे प्रश्न : नॉकआउटनंतर खेळ बदलावा का?

प्रश्न : सर, मी सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो. माझा मुलगा १९ वर्षांचा असून सहा वर्षांपासून बॉक्सिंग करतो. त्याचा खेळ पहिल्यापासून पुढे घुसून मारण्याचा आहे. चार महिन्यांपूर्वी एका स्पर्धेत दुसऱ्या राऊंडमध्ये समोरच्या मुलाचा उजवा ठोसा बसून तो खाली पडला आणि दहा आकडे मोजून होईपर्यंत उठू शकला नाही, म्हणजे नॉकआउट झाला. आता त्याला घरात आणि बाहेर दोन वेगळे सल्ले मिळत आहेत. त्याचे प्रशिक्षक म्हणतात, मागच्या पायावर राहा, अंतर ठेवून खेळायला शीक. माझे थोरले बंधू तालमीत वाढलेले आहेत. ते म्हणतात, जो मागे सरला तो संपला, होतास तसाच खेळ. मोठे बॉक्सर अशा पराभवानंतर आपला खेळ खरोखर बदलतात का, आणि बदलायचा तर किती बदलावा?
— एक पालक, सातपूर

उत्तर : डॉक्टरांनी मुलाला पुन्हा रिंगमध्ये उतरण्याची परवानगी दिली आहे असे धरून मी हे उत्तर लिहीत आहे, त्या परवानगीविषयी पुढच्या पत्राच्या उत्तरात सविस्तर लिहिले आहे, तेही आपण वाचावे. आपल्या पत्रात मुलाला उजवा ठोसा बसला एवढेच आहे. तो ठोसा आत शिरला कसा, याचा उल्लेख नाही, आणि खेळ किती बदलायचा हे त्यावरच ठरते.

या बाबतीत मी प्रत्येक विद्यार्थ्याला अमेरिकेचे हेवीवेट, म्हणजे सर्वांत वरच्या वजनगटातले बॉक्सर, जो लुई यांची हकिगत सांगतो. १९ जून १९३६ रोजी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर लुई जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगसमोर उभे राहिले तेव्हा ते २२ वर्षांचे होते आणि व्यावसायिक लढतींत तोवर एकदाही हरले नव्हते. श्मेलिंगने त्यांच्या लढतींच्या चित्रफिती बारकाईने पाहून एक खोड हेरली होती. डाव्या हाताचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ झटपट ठोसा, मारल्यावर लुई तो हात सरळ हनुवटीपाशी परत न आणता खाली सोडत असत. त्या क्षणी चेहऱ्याची डावी बाजू उघडी पडे आणि श्मेलिंगचा उजवा ठोसा नेमका तिथे येई. बाराव्या राऊंडमध्ये लुई कोसळले. त्यानंतर प्रशिक्षक जॅक ब्लॅकबर्न यांच्या हाताखाली त्यांनी डाव्या हाताची ही खोड मोडली. बाकीचा खेळ तसाच राहिला. २२ जून १९३८ रोजी त्याच मैदानावर परतीची लढत झाली. लुई पहिल्या घंटेपासून चाल करून गेले आणि १२४ सेकंदांत लढत संपली. हल्ला करणाऱ्या खेळाडूने हल्ला सोडला नाही. ज्या फटीतून मार खाल्ला होता ती फट बुजवली.

आता याच्या अगदी उलट उदाहरण घ्या. युक्रेनचे व्लादिमिर क्लिच्को उंचीला जवळजवळ दोन मीटर आणि दोन्ही हातांत जबर ताकद असलेले हेवीवेट. मार्च २००३मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या डावखुऱ्या कोरी सँडर्सने त्यांना दोन राऊंडमध्ये चार वेळा खाली पाडले. एप्रिल २००४मध्ये लेमन ब्रूस्टरविरुद्ध ते सुरुवातीपासून वरचढ होते, चौथ्या राऊंडमध्ये त्यांनी ब्रूस्टरला पाडलेही. पण पाचव्यात त्यांच्या अंगातले त्राणच गेले आणि पंचाला लढत थांबवावी लागली. इथे दोष एका हाताचा नव्हता. दमसास कसा पुरवावा, जवळ आलेल्या माणसाचे काय करावे आणि मार बसल्यावर काय करावे, या तिन्ही गोष्टींत ते कमी पडत होते, म्हणून प्रशिक्षक इमॅन्युएल स्टुअर्ड यांनी त्यांचा सगळा खेळच नव्याने उभारला. लांब डाव्या हाताने समोरच्याला दूर ठेवायचे, उजवा हात जपून आणि खात्री असेल तेव्हाच सोडायचा, प्रतिस्पर्धी जवळ आला की ताबडतोब क्लिंच करून, म्हणजे त्याला मिठीत धरून, आपले वजन त्याच्या अंगावर टाकायचे. सप्टेंबर २००५मध्ये सॅम्युएल पीटरने त्यांना तीनदा पाडले, तरीही ते १२ राऊंड टिकून गुणांवर जिंकले. नवी शैली मुरल्याची खरी खूण मला त्या लढतीत दिसते. २००६ ते २०१५ अशी साडेनऊ वर्षे त्यांनी जगज्जेतेपद राखले. त्यांचा खेळ कंटाळवाणा झाला अशी टीका झाली, आणि पाहणाऱ्याच्या दृष्टीने ती खोटी नव्हती. पण ज्याला रोज ठोसे खायचे आहेत त्याच्या बाजूने पाहिले तर मला तो बदल शहाणपणाचा वाटतो.

याच स्टुअर्ड यांच्याकडे ब्रिटनचे हेवीवेट लेनॉक्स लुईस कसे आले हेही सांगण्यासारखे आहे. सप्टेंबर १९९४मध्ये लंडनला वेम्बली इथे ऑलिव्हर मॅकॉलच्या एका उजव्या ठोशाने लुईस दुसऱ्याच राऊंडमध्ये पराभूत झाले, आणि त्या रात्री मॅकॉलच्या कॉर्नरमध्ये, म्हणजे त्याचे प्रशिक्षक म्हणून, स्टुअर्ड होते. लुईस यांनी पुढे त्यांनाच आपले प्रशिक्षक नेमले. ज्याने आपला दोष शोधून दाखवला त्याच्याचकडे शिकायला जाण्यासाठी मोठे मन लागते. स्टुअर्ड यांनी त्यांचा तोल आणि जॅब सुधारला. मात्र एप्रिल २००१मध्ये दक्षिण आफ्रिकेत हसीम रहमानने लुईस यांना पुन्हा एकदा बाद केले, तेव्हा कारण वेगळे होते. समुद्रसपाटीपासून उंचावर असलेल्या त्या ठिकाणी ते उशिरा पोचले होते आणि त्यांची तयारी ढिली होती. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये ते नीट तयारीने उतरले आणि चौथ्या राऊंडमध्ये रहमानला बाद करून मोकळे झाले. एकाच माणसाचे दोन नॉकआउट, पण एकाचा इलाज तंत्रात होता आणि दुसऱ्याचा तयारीत.

बदलाची किंमतही मोजावी लागते, हे ब्रिटनचेच हेवीवेट अँथनी जोशुआ यांच्याकडे पाहून समजते. जून २०१९मध्ये न्यूयॉर्कला त्यांनी अँडी रुईझला तिसऱ्या राऊंडमध्ये पाडले आणि लढत तिथेच संपवण्याच्या घाईत पुढे धावले. तेवढ्यात रुईझचा डावा हुक, म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारलेला ठोसा, कानशिलावर बसला आणि सगळे उलटले. सातव्या राऊंडपर्यंत जोशुआ चार वेळा खाली गेले होते. डिसेंबर २०१९मध्ये सौदी अरेबियात परतीची लढत झाली तेव्हा ते सुमारे पाच किलो वजन कमी करून आले आणि १२ राऊंड जॅब मारून बाजूला होत राहिले. एकदाही मोहाला बळी पडले नाहीत आणि गुणांवर निर्विवाद जिंकले. त्या रात्रीपुरता तो बदल बिनचूक होता. पण पुढे सप्टेंबर २०२१मध्ये ऑलेक्झांडर उसिकसमोर, जिथे स्वतःची ताकद वापरायला हवी होती तिथेही, ते अंतर राखत राहिले आणि गुणांवर हरले. एका प्रतिस्पर्ध्यासाठी शिकलेली सावधगिरी त्यांच्या हाडीमाशी खिळली होती, असे मला ती लढत पाहताना वाटले.

आता आपल्या मुलाविषयी. हौशी बॉक्सिंगमध्ये तीन-तीन मिनिटांचे तीनच राऊंड असतात. क्लिच्को यांच्यासारखे समोरच्याला दमवत बसायला तिथे वेळ नसतो. सहा वर्षे पुढे जाऊन खेळलेल्या मुलाला एका हंगामात मागच्या पायावर खेळायला लावले तर त्याचे हक्काचे हत्यार जाईल आणि नवे हाताला लागणार नाही. म्हणून पूर्ण शैली बदलण्याच्या मी विरोधात आहे. मात्र प्रशिक्षकांच्या सांगण्यात तथ्य आहे, आणि आपल्या बंधूंचे म्हणणे मला तितके मान्य नाही. कुस्तीत चीत झालेला मल्ल पुढच्या जत्रेत पुन्हा त्याच डावाने भिडू शकतो, कारण पाठीला माती लागल्याने मेंदूला इजा होत नाही. आमच्या खेळात तोच ठोसा तिथेच दुसऱ्यांदा बसणे ही वेगळी गोष्ट आहे. तालमीचा न्याय रिंगला लावता येत नाही, हे त्यांना आपण आदराने सांगावे.

स्पर्धेचे चित्रीकरण कोणाच्या तरी मोबाइलमध्ये असेलच. प्रशिक्षक आणि मुलगा यांनी एकत्र बसून पडण्याआधीचे दहा सेकंद सावकाश, पुन्हा पुन्हा पाहावेत. ठोसा बसला तेव्हा त्याचा डावा हात कुठे होता? डोके सरळ रेषेत पुढे येत होते की बाजूला झुकलेले होते? तो मारायला गेला असताना बसला, की मारून झाल्यावर तिथेच उभा राहिला म्हणून बसला? पुढे घुसणाऱ्या मुलांच्या बाबतीत बहुतेक वेळा शेवटचे कारण निघते. तीन ठोसे मारून आपले काम पाहत ते क्षणभर थांबतात, आणि समोरच्याला तेवढा क्षण पुरतो.

कारण सापडले की सराव साधा असतो, फक्त तो कंटाळा येईपर्यंत आणि त्यानंतरही करावा लागतो. मी डाव्या हातातल्या पॅडवर जॅब घेतो, आणि मुलाचा हात गालापाशी परत आला नाही की उजव्या हातातल्या पॅडने त्याच्या डाव्या कानशिलावर हलकी थाप देतो. पहिल्या दिवशी एका राऊंडमध्ये वीस-वीस थापा बसतात. हात दरवेळी घराला आला असेल तर ग्लोव्हचा अंगठ्याकडचा भाग गालाच्या हाडाला घासून तिथे लालसर वण उमटतो; सराव संपल्यावर मी मुलांचा डावा गाल पाहतो आणि मला वेगळे काही विचारावे लागत नाही. त्याबरोबर जॅबमागूनच आत शिरणे, डोके मधल्या रेषेवरून हलवणे आणि मारून झाल्यावर सरळ मागे न येता बाजूला निघणे, या तीन गोष्टी आपल्या मुलाने पक्क्या कराव्यात. एवढा बदल त्याच्या स्वभावाला झेपेल आणि त्याचा खेळ त्याचाच राहील.

याला किमान तीन-चार महिने द्यावे लागतील, कारण दबावाखाली शरीर जुन्या सवयीकडे धाव घेते. ब्रिटिश बॉक्सर आमिर खान सप्टेंबर २००८मध्ये ब्रेडिस प्रेस्कॉटसमोर ५४ सेकंदांत बाद झाले, मग लॉस एंजेलिसला फ्रेडी रोच यांच्याकडे गेले, वेग आणि पायांची चाल वापरून जुलै २००९मध्ये जगज्जेते झाले. तरीही जुलै २०१२मध्ये डॅनी गार्सियाशी ठोशाला ठोसा देण्याच्या भरात त्यांना डावा हुक बसला आणि चौथ्या राऊंडमध्ये लढत थांबली. रागाच्या भरात आपला मुलगा काय करतो, हे म्हणूनच स्पर्धेआधी स्पारिंगमध्ये, म्हणजे जोडीदाराबरोबरच्या सरावाच्या लढतीत, तपासून घ्यावे.

प्रश्न : नॉकआउट झाल्यावर किती दिवसांनी सराव सुरू करावा? तसेच व्यायामाने हनुवटी कणखर करता येते का?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थी, पंचवटी

उत्तर : ऑलिंपिक पद्धतीच्या बॉक्सिंगच्या वैद्यकीय नियमांत नॉकआउटनंतर किमान ३० दिवस, शुद्ध एका मिनिटापेक्षा कमी काळ हरपली असेल तर किमान ९० दिवस आणि त्याहून अधिक काळ हरपली असेल तर किमान १८० दिवस खेळाडूला रिंगबाहेर ठेवले जाते, आणि या काळात स्पारिंगही वर्ज्य असते. हे आकडे किमान आहेत. डोके दुखणे, मळमळणे, झोप बिघडणे, उजेड सहन न होणे, चिडचिड होणे यांपैकी काहीही शिल्लक असेल तर दिवस भरले म्हणून परत येऊ नये. पहिली इजा भरून येण्याआधी डोक्याला दुसरा मार बसला, तर तो साधा दिसणारा मारही जिवावर बेतू शकतो.

हे मी पुस्तकातले सांगत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एक मुलगा बाद झाल्यानंतर दोन आठवड्यांत माझ्याकडे आला, मी बरा आहे म्हणाला, आणि मी त्याला हलक्या स्पारिंगला उभे केले. दुसऱ्या मिनिटाला त्याला अगदी किरकोळ ठोसा लागला. तो मधल्या दोऱ्यांना धरून उभा राहिला आणि आज वार कोणता हे त्याला सांगता येईना. तो सुदैवाने बरा झाला. ती माझी चूक होती, आणि तेव्हापासून डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय मी कोणाच्याही हातात ग्लोव्ह देत नाही. विश्रांतीच्या काळात डॉक्टर सांगतील तेव्हापासून गोल्फ क्लब मैदानावर सावकाश चालावे. पांडवलेणीच्या पायऱ्या धावत चढणे बरेच पुढचे आहे.

हनुवटी कणखर होत नाही. ठोशाने डोके झटकन फिरते, कवटीच्या आत मेंदूही हिसका खातो, आणि शुद्ध त्यामुळे हरपते. हाडाच्या टणकपणाचा तिथे उपयोग नसतो. मानेचे स्नायू बळकट असतील तर तो हिसका काही प्रमाणात कमी होऊ शकतो, आणि हनुवटी छातीकडे ओढलेली असेल तर ती ठोशाला सहज सापडत नाही. त्यासाठी हनुवटीखाली टेनिसचा चेंडू धरून तो खाली पडू न देता बॅगवर सराव करावा.

प्रश्न : मी २१ वर्षांची असून डावखुरी आहे. आठ महिन्यांपूर्वी माझी लढत पहिल्याच राऊंडमध्ये पंचांनी थांबवली. डॉक्टरांनी सर्व तपासण्या करून परवानगी दिली आहे, पण आता समोरून हात आला की माझे डोळे मिटतात, मान फिरते आणि मी सरळ मागे जाते. पूर्वी मी अशी नव्हते. सगळे म्हणतात, भीती काढून टाक. ती कशी काढायची हे कोणी सांगत नाही. लोकांसमोर जायचीही लाज वाटते.
— एक खेळाडू, नाशिकरोड

उत्तर : लाजेविषयी आधी लिहितो. फ्लॉइड पॅटरसन हे हेवीवेटचे जगज्जेतेपद गमावून ते परत मिळवणारे पहिले बॉक्सर. जून १९५९मध्ये इंगेमार योहान्सनने त्यांना तिसऱ्या राऊंडमध्ये सात वेळा खाली पाडले होते; जून १९६०मध्ये त्यांनी त्याच योहान्सनला पाचव्या राऊंडमध्ये बाद केले. एवढ्या मोठ्या माणसाने १९६२मध्ये सनी लिस्टनकडून पहिल्या राऊंडमध्ये हरल्यावर खोटी दाढी लावून शिकागो सोडले. आपल्याला जे वाटते ते त्यांनाही वाटले होते, आणि त्यानंतरही ते दहा वर्षे खेळत राहिले.

डोळे मिटणे ही शरीराची आपली आपण घडलेली संरक्षणाची क्रिया आहे. तिला भित्रेपणा म्हणणाऱ्यांचे आपण ऐकू नये. पण ती मोडावी लागेल, कारण बॉक्सिंगमध्ये माणूस बाद होतो तो बहुधा न दिसलेल्या ठोशाने. दिसलेल्या ठोशासाठी मान आणि पाय क्षणभर आधी तयार होतात. डोळे मिटल्यावर प्रत्येक ठोसा न दिसलेला ठोसा होतो.

यासाठी मी मुलींना आणि मुलांना एकच क्रम देतो. पहिले दोन आठवडे जोडीदाराने ग्लोव्ह घालून आपल्या कपाळाला, गालाला अगदी सावकाश, नुसता स्पर्श करावा; आपण गार्ड, म्हणजे बचावाचे दोन्ही हात, वर ठेवून तो ग्लोव्ह येताना शेवटपर्यंत पाहावा. डोळे मिटले तर त्याने वेग आणखी कमी करावा. माझ्याकडच्या एका मुलीला पहिल्या दिवशी ग्लोव्हवरची शिवण मोजायला सांगितले होते, म्हणजे ग्लोव्ह जवळ येताना त्यावरचा एखादा टाका नजरेने धरायचा. आठव्या दिवशी ती म्हणाली, सर, अंगठ्याजवळचा टाका उसवलाय. तिचे डोळे उघडे राहू लागले होते हे मला तेव्हा समजले. त्यानंतर रिंगच्या दोन कोपऱ्यांत खांद्याच्या उंचीवर दोरी बांधून तिच्याखालून डावीकडे-उजवीकडे वाकत पुढे आणि मागे चालावे. मग फक्त जॅबचे स्पारिंग, तेही जोडीदार आपल्या विश्वासातली असेल तरच. पूर्ण स्पारिंग यानंतर.

सरळ मागे जाणे हा मात्र शैलीचा प्रश्न आहे, आणि तिथे आपण बदल कराच. सरळ मागे जाणाऱ्याच्या मागे दोऱ्या येतात आणि समोरच्याचा दुसरा ठोसा पहिल्यापेक्षा जास्त जोराने लागतो. आपण डावखुऱ्या आहात म्हणजे आपला उजवा पाय पुढे असणार. तो समोरच्या उजव्या हाताने खेळणाऱ्या मुलीच्या डाव्या पायाच्या बाहेर टाकून निघालात, की तिचा जोरकस उजवा हात आपल्यापासून लांब पडतो आणि आपला डावा हात सरळ रेषेत येतो. फिलिपिन्सचे बॉक्सर मॅनी पॅकियाव हेही डावखुरे. डिसेंबर २०१२मध्ये सहावा राऊंड संपता संपता ते पुढे झेपावले आणि हुआन मॅन्युएल मार्केझच्या उजव्या हाताने जागच्या जागी बाद झाले. ते सुमारे ११ महिने लढले नाहीत. नोव्हेंबर २०१३मध्ये मकाऊ इथे ब्रँडन रिओसविरुद्ध परतले तेव्हा त्यांनी पूर्वीचाच वेग आणि डावा हात वापरला, मात्र ठोसे मारून ते तिथे थांबत नव्हते, कोन बदलून बाजूला होत होते, आणि नॉकआउटच्या मागे न लागता १२ राऊंड खेळून जिंकले. ती लढत आपण पाहावी आणि फक्त त्यांचा उजवा पाय पाहावा.

पहिल्या पूर्ण स्पारिंगच्या दिवशी तीन राऊंड ठरले असतील तर दोनच खेळावेत आणि घरातले कोणीतरी सोबत आणावे. रात्री डोके दुखले किंवा झोप लागली नाही, तर त्या माणसाला दिवसभर काय झाले होते हे ठाऊक असेल आणि डॉक्टरांना सांगता येईल.